फेरफारावर नसलेला अंगठा

हे प्रकरण माझ्या माहेरच्या जमिनीचं आहे. सातारा जिल्ह्यातलं एक गाव, एकच गट, क्षेत्र 1 हेक्टर 20 आर, म्हणजे तीन एकराला थोडं कमी. विहिरीचं पाणी आहे, त्यामुळे बागायत. नावं आणि गट नंबर मुद्दाम गाळले आहेत. बाकी घडलं तसं लिहिते, कारण असा सातबारा घरोघरी आहे आणि विकायची वेळ येईपर्यंत त्याच्याकडे कुणी नीट पाहत नाही.

2022 च्या मे महिन्यात बाबा आणि काकांनी रस्त्याकडेचं 40 आर विकायचं ठरवलं. शेजारच्या गावचा एक शेतकरी तयार झाला आणि त्याने एक लाख रुपये इसार दिला. उरलेल्या रकमेसाठी तो बँकेकडून कर्ज काढणार होता, म्हणून कागद बँकेच्या वकिलांकडे गेले. आमच्या घरात सगळ्यांची खात्री होती की कागद स्वच्छ आहेत. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं, खातं सामाईक, भोगवटादार वर्ग 1, म्हणजे विकायला सरकारी परवानगी न लागणारी जमीन. कसण्यावरून कधी भांडण नाही. आणखी काय लागतं?

वकिलांचं पत्र जुलैमध्ये आलं. पानभराचं होतं आणि त्यात तीन हरकती होत्या. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात विधवा आणि दोन मुली वारस म्हणून दिसतात, त्यांचा हक्क कसा संपला त्याचा दस्त द्या. ओढ्याकाठचं 20 आर तिसऱ्याच माणसाच्या वहिवाटीत आहे, त्याचा खुलासा करा. आणि विकास सोसायटीचा 1991 सालचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, अजून उभी आहे.

बोजाचं आधी सांगून टाकते. कर्ज कधीच फिटलं होतं, पण बोजा कमी करायला कुणी गेलं नव्हतं. सोसायटीकडून बाकी नसल्याचा दाखला घेतला, अर्ज दिला, फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, झाला. महिन्याभरात ती ओळ गेली. उरलेल्या दोन हरकतींना दोन वर्षं लागली.

ट्रंकेतलं खरेदीखत

आजोबांनी ही जमीन 1961 साली विकत घेतली. ते मुंबईला गिरणीत होते, त्यांच्या वडिलांच्या नावावर गावात घराशिवाय काही नव्हतं. खरेदीखत आजीच्या ट्रंकेत, लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं सापडलं. वर ठळक अक्षरात 'कायम खूष खरेदीखत'. आत लिहून घेणार आजोबा, लिहून देणार मूळ मालक, मिळकतीचं वर्णन, चार दिशांच्या चतुःसीमा, भरण्याचा तपशील आणि ते ठरलेलं वाक्य: सदर मिळकत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह आजरोजी तुमच्या कब्जात दिली. शेवटी हमी, की माझ्या वारसांपैकी कुणी हरकत घेतल्यास तिचं निवारण मी करून देईन.

हे सगळं आम्ही लहानपणी ऐकलं होतं. कागदाची मागची बाजू मात्र कुणी पाहिली नव्हती. तिथे दुय्यम निबंधकांचा शिक्का, दस्ताचा नंबर, पुस्तक क्रमांक 1 (स्थावर मिळकतीच्या दस्तांची नोंदवही) आणि लिहून देणाऱ्याने कबुली दिल्याची नोंद होती. दस्त कितीही सुंदर भाषेत लिहिलेला असो, त्याला बळ येतं ते या मागच्या पानामुळे. 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 17 सांगतं की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क देणारा किंवा संपवणारा दस्त नोंदवलाच पाहिजे, आणि कलम 49 सांगतं की नोंदवला नाही तर त्याने तो हक्क जात-येत नाही. अट देण्यालाही आहे आणि संपवण्यालाही. या प्रकरणाचा निम्मा उलगडा 'संपवण्याला' या शब्दात आहे.

एक छोटी अडचण आली. खरेदीखतात सर्व्हे नंबर आणि हिस्सा होता, सातबाऱ्यावर गट नंबर. मध्ये गावात एकत्रीकरण योजना, म्हणजे विखुरलेले तुकडे जोडून नवे गट पाडणारी योजना, येऊन गेली होती. हा जुना सर्व्हे नंबर म्हणजेच आजचा हा गट, हे दाखवायला भूमि अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा काढावा लागला. जुना दस्त आणि आजचा उतारा यांच्यातला हा दुवा नसेल, तर वकील पुढे वाचतही नाहीत. कुणाचं खरेदीखत हरवलं असेल तर निबंधक कार्यालयातून त्याची नक्कल मिळते. पुस्तक क्रमांक 1 आणि सूची कुणालाही फी भरून पाहता येतात, त्यासाठी मालक असावं लागत नाही.

1985 चा फेरफार

आजोबा 1984 साली गेले, मृत्युपत्र न करता. पुढच्या वर्षी वारसांचा फेरफार झाला. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाखाली वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. आमच्याकडे कुणी त्या आकड्याच्या मागे गेलं नव्हतं. तहसीलच्या अभिलेख कक्षातून मी गाव नमुना 6 ची नक्कल काढली. त्यात लिहिलं होतं की मयत खातेदाराचे वारस पत्नी, दोन मुलगे, दोन मुली. मुलग्यांची नावं कब्जेदार सदरी (जमीन धारण करणाऱ्यांच्या रकान्यात) आणि पत्नी व मुलींची नावं इतर हक्कात घ्यावीत, कारण मुलींनी 'आम्हास हिस्सा नको' असं समक्ष सांगितलं.

खाली बाबांची सही होती, काकांची होती, आजीचा अंगठा होता. मोठ्या आत्याची, म्हणजे अक्काची, थरथरती सही होती. धाकट्या आत्याच्या नावापुढे काहीच नव्हतं.

तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "अगं, त्या साली मी बाळंत झाले होते. चौथा महिना होता पोराला. चावडीवर कधी आले असेन मी?"

त्या तलाठ्याने हे वाईट हेतूने केलं असं मला वाटत नाही. त्या काळात तीच पद्धत होती. मुलगे वर, बायका उजवीकडच्या रकान्यात. कारकुनाच्या हातून सवयीने उतरलेलं वाक्य, आणि त्या वाक्याने चाळीस वर्षं एका बाईला स्वतःच्या वडिलांच्या जमिनीबद्दल बोलायची सोय ठेवली नाही.

पण कायद्याने त्या वाक्याला किंमत किती? हिस्सा सोडला असं तोंडी सांगणं म्हणजे हक्क संपवणं नव्हे. हक्क संपवायला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. तलाठ्यापुढे दिलेला जबाब त्याची जागा घेऊ शकत नाही, मग त्यावर सही असो वा नसो. म्हणजे अक्काचाही हक्क शाबूत होता. आणि इतर हक्कात वारस म्हणून नाव पडलंय याचा अर्थ ती व्यक्ती दुय्यम मालक आहे, असाही होत नाही. हिस्सा मिळतो तो 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. तलाठ्याने कुठल्या रकान्यात लिहिलं त्यावर तो ठरत नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे हक्कनोंदीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात. तेवढंच. 1997 साली बलवंत सिंह विरुद्ध दौलत सिंह या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फेरफाराने मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही. पुढेही हेच वारंवार सांगितलं गेलं आहे. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. सारा कुणाकडून घ्यायचा, शेतात काय पिकतं, कर्ज कुणाचं, हे तो सांगतो. मालकीचा प्रश्न आला की त्याच्या मागे जाऊन विचारावं लागतं: हे नाव इथे आलं कशामुळे? खरेदीने, वारसाने, बक्षिसाने, वाटणीने की नुसत्या जबाबाने?

कुणाचे किती आर

बाबा आणि काका निम्मे निम्मे, साठ-साठ आर धरून चालले होते. मी कागदावर मांडलं.

1984 साली आजोबांचे वर्ग एकचे वारस पाच: आजी, बाबा, काका, अक्का, आत्या. प्रत्येकाला पाचवा हिस्सा, 24 आर. आजी 1996 साली गेली. तिचे 24 आर चार मुलांत, प्रत्येकी 6. म्हणजे चौघांचे 30-30. आजीच्या मृत्यूची नोंद तर कुणी केलीच नव्हती. वारसाने हक्क आला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं, हे संहितेच्या कलम 149 मध्ये आहे, पण आमच्याकडे ती इतर हक्काच्या रकान्यात सव्वीस वर्षं जिवंत होती.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी, कारण पंचक्रोशीतल्या प्रत्येक माणसाने आम्हाला ती चुकीची सांगितली. लोक म्हणायचे, मुलींना हक्क मिळाला तो 2005 च्या दुरुस्तीने, आजोबा तर 84 साली गेले, मग आत्यांचा काय संबंध? 2005 ची दुरुस्ती आहे ती वडिलोपार्जित, सहदायकी मालमत्तेबद्दल. तिने मुलगी जन्मतःच मुलासारखी सहदायक, म्हणजे जन्माने हिस्सेदार, झाली, आणि 2020 च्या विनीता शर्मा निकालाने स्पष्ट केलं की त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही. पण आमची जमीन आजोबांनी स्वतःच्या पगारातून घेतलेली. स्वकष्टार्जित मिळकतीत मृत्युपत्र नसेल तर मुलगी, मुलगा, पत्नी यांना सारखा वाटा, हे 1956 पासूनच आहे. आत्यांचा हक्क आजोबांनी डोळे मिटले त्याच दिवशी उभा राहिला होता. म्हणूनच 1961 चं खरेदीखत एवढं महत्त्वाचं ठरलं. जमीन कोणी, कशाच्या पैशाने घेतली ते त्यातून कळलं, आणि कुठला नियम लावायचा हे त्यावरून ठरलं.

दुसरा आक्षेप काकांचा होता. इतकी वर्षं आम्हीच कसतो, मुदत गेली नाही का? नाही गेली. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा कायद्याने सगळ्यांच्या वतीने असलेला ताबा मानला जातो. बाकीच्यांचा हक्क उघडपणे नाकारून, त्यांना कळेल अशा रीतीने स्वतःच्या एकट्याचा म्हणून ताबा ठेवला, तरच गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने 1956 सालीच हे तत्त्व मांडलंय. काकांनी तर दरवर्षी आत्यांकडे ज्वारीचं पोतं पाठवलं होतं. नाकारणं दूरच, त्यांनी हक्क मान्यच केला होता.

भाऊबीज

दोघी आत्या त्या दिवाळीत भाऊबीजेला आल्या तेव्हा बाबांनी विषय काढला. मी आधीच सांगून ठेवलं होतं की कोऱ्या कागदावर सही, 'नंतर बघू' असलं काही चालणार नाही, आणि जमिनीची आजची किंमत दोघींना आधी सांगायची. मुद्रांक विभागाचा वार्षिक बाजारमूल्य दरतक्ता, ज्याला सगळे रेडीरेकनर म्हणतात, त्यातला दर आणि खरेदीदार देत असलेला भाव असे दोन्ही आकडे मी वाचून दाखवले.

अक्काला सगळं आधीच कळलं असावं. ती म्हणाली, "मला नको. मुलं बरी कमावतात. दोघा भावांना सारखं द्या." मग धाकट्या आत्याकडे सगळ्यांची नजर गेली. ती बराच वेळ ओवाळणीच्या ताटातलं कुंकू बोटाने नीट करत बसली.

"दादा, विकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझा आधी सातबारा होऊ दे. माझं नाव आप्पांच्या जमिनीवर लागू दे."

काकांना राग आला. ते म्हणाले, "हिस्सा मागितला की माहेर तुटतं, माहीत आहे ना?" त्या वाक्याने ओसरीवर जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. बाबा म्हणाले, "तिने मागितलेलं नाही. तिचंच आहे, आपण लिहायचं राहिलं होतं." माझ्या वडिलांबद्दल मला त्या दिवसाइतका आदर पूर्वी कधी वाटला नव्हता.

अक्काच्या हक्कसोडपत्राबद्दल दोन गोष्टी. ती सोडत होती तिचा निम्मा-निम्मा वाटा दोघा भावांच्या लाभात, कसलाही मोबदला न घेता. भावाबहिणींतल्या अशा हक्कसोडीला तेव्हा 200 रुपयांचा मुद्रांक होता. कुणीतरी सुचवलं की अक्काला रोख काही द्या आणि कागदावर 'प्रेमापोटी' लिहा. मी विरोध केला. पैसे देऊन घेतलेला हक्क म्हणजे खरेदीच, तिला खरेदीचा मुद्रांक लागतो, आणि उद्या एखाद्या भाच्याने विचारलं तर दस्तात लिहिलेलं खोटं ठरतं. दुसरं असं की हक्कसोड करून झाल्यावर मन बदललं म्हणून ती मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव सिद्ध झाला तरच न्यायालय ती रद्द करतं. म्हणून निबंधक कार्यालयात जाण्याच्या आदल्या रात्री मी अक्काला पूर्ण दस्त मोठ्याने वाचून दाखवला. तिने मध्येच थांबवून विचारलं, "आईचे सहा आर पण यातच आले ना?" ते वेगळे लिहायचे राहिले होते. त्या रात्री मसुदा दुरुस्त केला.

ओढ्याकाठचं वीस आर

आता काकांचं. 1998 साली मुलीच्या लग्नाला पैसे हवे होते म्हणून त्यांनी ओढ्याकाठचं 20 आर शेजाऱ्याला दिलं. शंभराच्या मुद्रांकावर मजकूर लिहिला, नोटरीकडे सही-शिक्का केला, पूर्ण रक्कम घेतली, ताबा दिला. तो शेजारी पुढे वारला, त्याचा मुलगा तिथे ऊस लावतो. काका म्हणायचे, जमीन विकली. शेजारी म्हणायचा, जमीन घेतली. सातबारा म्हणत होता, काहीच झालेलं नाही.

नोटरी फक्त एवढं सांगतो की या माणसाने माझ्यासमोर सही केली. त्याने मालकी जात नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 प्रमाणे विक्री होते ती नोंदणीकृत दस्तानेच. 2011 साली सूरज लँप प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुखत्यारपत्र, साठेखत (पुढे विकण्याचा करार) आणि मृत्युपत्राच्या आधारे होणारे 'व्यवहार' हे मालकी देणारे नाहीत असं बजावलं, त्याच्या मुळाशीही हेच आहे.

मग शेजारी उघड्यावर होता का? पूर्णपणे नाही, आणि इथे तारखेला फार किंमत आहे. याच कायद्याचं कलम 53अ असं की लेखी करार झाला, त्यापोटी ताबा दिला आणि घेणाऱ्याने आपल्या बाजूचं पाळलं, तर देणारा माणूस नंतर फिरून ताबा परत मागू शकत नाही. 24 सप्टेंबर 2001 पासून या संरक्षणासाठी करार नोंदणीकृत असणं सक्तीचं झालं. 1998 चा कागद त्याआधीचा, म्हणून काका त्याला बाहेर काढू शकले नसते. पण ही फक्त ढाल आहे, तीही काकांपुरती. बाबांवर किंवा आत्यांवर तो कागद बांधील नव्हता, आणि त्याच्या जोरावर शेजाऱ्याला ना कर्ज मिळत होतं, ना त्याच्या मुलांच्या नावावर काही चढत होतं. वीस वर्षं कसलेल्या जमिनीवर त्याचं नाव नव्हतं. आत्याची आणि त्याची अडचण एकाच जातीची होती, हे मला त्याच्या घरी चहा पिताना लक्षात आलं.

काकांचा स्वतःचा वाटा 30 आर होता, दिलेलं 20. म्हणजे क्षेत्र वाट्यात बसत होतं. पण न वाटलेल्या जमिनीत सहहिस्सेदार आपला हिस्सा विकू शकतो, जागा ठरवू शकत नाही. ओढ्याकाठचंच 20 आर, हे ठरवायचा अधिकार वाटणी होईपर्यंत एकट्या काकांचा नव्हता. तोडगा सरळ होता: वाटणीत ओढ्याकाठ काकांच्या वाट्याला टाकायचा, आणि मग काकांनी शेजाऱ्याच्या नावे रीतसर खरेदीखत करायचं.

जुनाच कागद नोंदवून का नाही घेतला, असं शेजाऱ्याने विचारलं. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला सादर करावा लागतो, दंड भरून आणखी चार महिने मिळतात. त्यापुढे दार बंद. नवाच दस्त करावा लागणार, आणि त्याचा मुद्रांक आजच्या बाजारमूल्यावर. शेजारी वैतागला, "पैसे तर आम्ही 98 सालीच मोजलेत." त्याचं म्हणणं खरं होतं, पण मुद्रांक शुल्क ठरतं ते दस्तातली रक्कम आणि बाजारमूल्य यांत जे जास्त असेल त्यावर. शेवटी खर्च काका आणि त्याने निम्मा निम्मा वाटून घेतला. काकांनी एकदाही म्हटलं नाही की आता भाव वाढला, वर काहीतरी द्या. भाऊबीजेच्या त्या वाक्याबद्दल मी त्यांना बरंच मनात धरून होते; ते इथे उतरलं.

तुकडेबंदीचाही प्रश्न होता. 1947 च्या कायद्याने ठरवलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकता किंवा वाटता येत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये हे क्षेत्र बागायतीसाठी 10 आणि जिरायतीसाठी 20 गुंठे (एक गुंठा म्हणजे साधारण एक आर) झालं, त्यामुळे आमचं 20 आर बसलं. शेजारी आधीपासून शेतकरी खातेदार होता म्हणून कूळकायद्याच्या कलम 63 ची परवानगी लागली नाही. तो शेतकरी नसता तर आधी तीच घ्यावी लागली असती.

कार्यालयांची वाट

क्रम ठरवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि तो बरोबर लागला म्हणूनच पुढे काही अडलं नाही.

पहिला प्रश्न, इतर हक्कातली नावं कब्जेदार सदरी आणायची कशी. कार्यालयात एकाने सांगितलं, 1985 च्या फेरफारावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करा. म्हणजे आधी 37 वर्षांचा विलंब माफ करून घ्या. तिथे आमच्या वकिलांनी फेरफार पुन्हा वाचला आणि म्हणाले, यात पाचही जण वारस म्हणून लिहिलेच आहेत. वारस कोण याबद्दल वाद नाही, फक्त रकाना चुकलाय. मग बाबा आणि काकांनी संमतीची प्रतिज्ञापत्रं दिली आणि संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज केला. दोन सुनावण्या झाल्या. मार्च 2023 मध्ये आदेश निघाला. भावांपैकी एकानेही हरकत घेतली असती तर ही वाट बंद होती. मग अपील किंवा दिवाणी दावा. आजीच्या वारसाचा फेरफार त्याच आदेशापाठोपाठ झाला.

मे मध्ये अक्काचं हक्कसोडपत्र नोंदवलं. तिचा फोटो, अंगठा, दोन ओळखदार. दुय्यम निबंधक मालकी तपासत नाहीत, समोर आलेला माणूस कोण, सही कबूल आहे का, मुद्रांक पुरेसा आहे का, हे पाहतात. म्हणून दस्त नोंदला गेला याचा अर्थ मालकी निर्वेध झाली असा धरू नये. आता हिशोब असा झाला: बाबा 45, काका 45, आत्या 30.

मग मोजणी. भूमि अभिलेखकडे अर्ज, चलन, लगतच्या खातेदारांना नोटिसा. नोव्हेंबरमध्ये मोजणीदार आले. बांध सरळ नव्हता, विहीर नेमकी मध्ये आली. विहीर आणि वाट सामाईक ठेवून पाण्याच्या पाळ्या वाटणीपत्रात लिहिल्या. माझं ठाम मत आहे की वाटणीपत्रात आकडे कमी आणि विहीर, वाट, बांधावरची झाडं यांबद्दल जास्त लिहावं. पुढच्या पिढीची भांडणं गुंठ्यांवरून होत नाहीत, पाण्याच्या पाळीवरून होतात.

इसार देणारा शेतकरी तोवर थांबला नाही. त्याला दुसरीकडे जमीन मिळाली. बाबांनी त्याचे एक लाख परत केले. त्या दिवशी काका म्हणाले की या सगळ्या उपद्व्यापात गिऱ्हाईक गेलं. गेलं हे खरं. पण वकिलांच्या हरकती न सोडवता ते विकलं असतं, तर आत्याच्या 30 आरांवर तिसऱ्याच माणसाचं नाव चढलं असतं आणि तिला स्वतःच्या भावांविरुद्ध कोर्टात उभं राहावं लागलं असतं.

फेब्रुवारी 2024 मध्ये वाटणीपत्र, एप्रिलमध्ये शेजाऱ्याचं खरेदीखत. आता दस्त नोंदला की माहिती निबंधक कार्यालयातून थेट ई-फेरफारमध्ये जाते, पूर्वीसारखी वर्दी घेऊन फिरावं लागत नाही. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. या पंधरा दिवसांत मी रोज रात्री 'आपली चावडी' या महसूल खात्याच्या ऑनलाइन फलकावर आमचं गाव उघडून बघायची. हरकत आली असती तर नोंद विवादग्रस्तांच्या वहीत गेली असती आणि सुनावणी लागली असती. आली नाही.

जुलैमध्ये चार वेगळे सातबारे निघाले. आत्याचा निघाला त्यावर पहिल्यांदा नावात चूक होती, नवऱ्याच्या नावातलं एक अक्षर. तो दुरुस्त करून घेतला आणि तिच्या गावी नेऊन दिला. तिने चष्मा लावला, उतारा उलटसुलट बघितला आणि उजवीकडच्या इतर हक्काच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "इथे आता काही नाही ना?" विहिरीच्या पाळीची एक ओळ होती, ती वाचून दाखवली.

जमीन तिने काकांनाच वाट्याने कसायला दिली आहे. त्या रब्बीत ती दोन दिवस माहेरी राहायला आली आणि नातवाच्या फोनवर बांधावर उभं राहून ई-पीक पाहणीत हरभरा नोंदवला. नमुना बारावर तिच्या नावापुढे लागलेलं ते पहिलं पीक.